डिस्कच्या दोषाचें निदान

ज्वर अंगाला हात लावतांच कळतो, म्हणून त्याचें मूळ त्वचेंत आहे असें कोणताही सुज्ञ वैद्य मानीत नाहीं. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, रोग्यास चार प्रश्न विचारतो, आणि मग औषध योजतो. यंत्रांच्या बाबतींत मात्र हा विवेक आपण पुष्कळदां सोडून देतों. संगणकाच्या पडद्यावर डिस्क वाचतां येत नाहीं अशा अर्थाची सूचना आली कीं, डिस्क गेली असा निकाल तत्काळ दिला जातो. मग कोणी ती डिस्क फेकून देतो. कोणी सूचनेखालचें ‘फॉरमॅट’ हें बटण दाबून मोकळा होतो. आणि वर्षानुवर्षांचें लेखन, हिशेब, गुणपत्रकें व घरच्या माणसांचीं छायाचित्रें ह्यांस कायमचें मुकावें लागतें. शोचनीय गोष्ट ही कीं, कित्येक प्रसंगीं डिस्क अगदीं धडधाकट असते. दोष असतो तो डिस्क आणि संगणक ह्यांच्यामध्यें बोलणें घडवून आणणाऱ्या एका लहानशा प्रोग्रॅममध्यें. त्या प्रोग्रॅमचें काम काय, तो बिघडला हें कसें ओळखावें, आणि त्यावर उपाय कोणता, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम डिस्क म्हणजे काय तें पाहूं. इ. स. १९५६ सालीं आय. बी. एम्. कंपनीनें पहिली डिस्क विक्रीस आणली. तींत चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरें मावत. आजची डिस्क तळहातावर राहते. कांहींत अजूनही फिरत्या तबकड्या असतात. ‘सॉलिड स्टेट’ जातीच्या डिस्कांत फिरणारा भागच नसतो. परंतु दोहोंचें काम एकच. डिस्कवर क्रमांक दिलेले खण असतात. प्रत्येक खणांत ५१२ किंवा ४०९६ बाइट मजकूर राहतो. एक टेराबाइटच्या डिस्कवर ४०९६ बाइटांचे सुमारें २४ कोटि खण होतात. अमक्या क्रमांकाचा खण वाच, अमक्या क्रमांकाच्या खणांत हें लिही, एवढेंच डिस्कला कळतें. पत्र कोणतें, चित्र कोणतें, हिशेब कोणता, ह्याची तिला वार्ताही नसते.

आतां एक दृष्टान्त घेऊं. जुन्या काळच्या एखाद्या मोठ्या कचेरींत साहेबास दफ्तरांतील एक कागद हवा आहे. साहेबाची भाषा दफ्तरदारास येत नाहीं, म्हणून मध्यें दुभाष्या आहे. साहेब दुभाष्यास सांगतो. दुभाष्या दफ्तरदारास सांगतो. दफ्तरदार बोळांतून शिपायास दफ्तरखान्यांत धाडतो. शिपाई योग्य तो रुमाल सोडून कागद आणतो. आणि कागद आल्याची वर्दी उलट त्याच वाटेनें साहेबाकडे जाते. संगणकांत साहेबाच्या जागीं विंडोज किंवा लिनक्स ही मुख्य प्रणाली असते. दफ्तरदार म्हणजे मदरबोर्डावरील कंट्रोलर, बोळ म्हणजे केबल, आणि दफ्तरखाना म्हणजे डिस्क. राहिला दुभाष्या, त्यालाच ‘ड्रायव्हर’ म्हणतात. ड्रायव्हर म्हटलें कीं मोटार हांकणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. पण येथें तो कंट्रोलरची भाषा जाणणारा एक प्रोग्रॅम आहे. कागद साहेबाच्या हातीं आला नाहीं तर दफ्तरखाना जळाला असेंच समजावयाचें काय? दुभाष्या चुकला असेल, दफ्तरदार झोंपला असेल, बोळांत अडथळा असेल, किंवा कागद आणूनही वर्दी द्यावयाची राहिली असेल.

दुभाष्याची आवश्यकता कां पडते? कारण कंट्रोलरांच्या भाषा अनेक आहेत. इ. स. १९८६ च्या सुमारास ‘आय्. डी. ई.’ पद्धतीच्या डिस्का प्रचारांत येऊं लागल्या. इ. स. २००३ मध्यें ‘साटा’ ह्या नव्या जोडणीचे नियम प्रसिद्ध झाले, आणि २००४ मध्यें इंटेल कंपनीनें त्या जोडणीसाठीं ‘ए. एच्. सी. आय्.’ नांवाची कंट्रोलरची भाषा ठरवून दिली. ह्या भाषेंत एका डिस्कला एकाच वेळीं ३२ आज्ञा देऊन ठेवतां येतात, आणि त्या आपल्या सोयीनें मागेंपुढें पुऱ्या करण्याची डिस्कला मुभा असते. पुढें २०११ मध्यें सॉलिड स्टेट डिस्कांकरितां ‘एन्. व्ही. एम्. ई.’ ही निराळी भाषा निघाली. ह्यांखेरीज अनेक डिस्का एकत्र बांधण्याची ‘रेड’ नांवाची पद्धत आहे. तिच्या भाषा तर कारखान्यागणिक वेगळ्या. प्रत्येक भाषेस तिचा दुभाष्या लागतो. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा ए. एच्. सी. आय्. चा ड्रायव्हर ‘स्टोर-ए-एच्-सी-आय्’ ह्या नांवानें विंडोजबरोबरच येतो. आणि इंटेलसारख्या कंपन्या आपला स्वतंत्र ड्रायव्हरही पुरवितात. तेव्हां एकाच डिस्कपुढें आज एक दुभाष्या, उद्यां दुसरा, अशी अदलाबदल सहज होऊं शकते, आणि पुष्कळशा तक्रारी अशा अदलाबदलीनंतरच सुरू होतात.

उपायांकडे वळण्यापूर्वीं एक नियम सांगणें आम्हांस अत्यंत अगत्याचें वाटतें. डिस्कविषयीं संशय येतांच पहिलें काम दुरुस्ती नव्हे. पहिलें काम म्हणजे जें वाचतां येत आहे त्याची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून घेणें. तोंपर्यंत ‘फॉरमॅट’ ह्या शब्दास स्पर्श करूं नये. डिस्क तपासून दुरुस्त करणारे प्रोग्रॅमही नक्कल होण्यापूर्वीं चालवूं नयेत; कारण ते डिस्कवर लिहितात, आणि वाचनच बिनभरंवशाचें असतांना केलेलें लेखन हितापेक्षां अहितच अधिक करण्याचा संभव असतो. विंडोज सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावें आणि त्यांतून नक्कल घ्यावी.

ह्या एका कामांत निदानाचें अर्धें कामही होऊन जातें. आपल्या तर्कशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत: कारण असतां कार्य असणें, आणि कारण नसतां कार्य नसणें. लिनक्समध्यें डिस्क तीच, केबल तीच, कंट्रोलर तोच. बदलतो तो केवळ साहेब व त्याचा दुभाष्या. तेव्हां विंडोजमध्यें अडखळणारी डिस्क लिनक्समध्यें अथपासून इतिपर्यंत सुरळीत वाचली गेली, तर डिस्क व केबल बहुतांशीं निर्दोष ठरतात, आणि संशयाचा रोख विंडोजच्या ड्रायव्हरकडे वळतो. तेथेंही तीच अडचण आली, तर ड्रायव्हरला सोडून केबल, कंट्रोलर व डिस्क ह्यांकडे पाहावें. मात्र डिस्क ‘बिटलॉकर’नें कुलुपबंद असेल तर तिची ४८ अंकी किल्ली हाताशीं असावी लागते, आणि संगणक रेडच्या पद्धतीवर लावलेला असेल तर लिनक्सला कधीं कधीं डिस्क दिसतच नाहीं. केवळ एवढ्यावरून ती मेली असें समजूं नये.

दुसरें साधन म्हणजे संगणकाची स्वतःची नोंदवही. विंडोजमध्यें ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नांवाची एक खिडकी आहे. तींत ‘सिस्टिम’ ह्या सदराखालीं प्रत्येक अपघाताची वेळ, क्रमांक व नोंद करणाऱ्याचें नांव लिहिलेलें सांपडतें. डिस्कच्या संबंधांत चार क्रमांक ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. ७ हा क्रमांक म्हणतो कीं, डिस्कवर खराब खण आहे; येथें संशय सरळ डिस्कवरच जातो. ११ म्हणतो कीं, ड्रायव्हरला कंट्रोलरचा दोष आढळला. १२९ म्हणतो कीं, दिलेल्या मुदतींत उत्तर आलें नाहीं म्हणून जोडणी नव्यानें सुरू करावी लागली. १५३ म्हणतो कीं, एका खणाचें काम पहिल्या खेपेस झालें नाहीं, तें पुन्हां करावें लागलें. ११ व १२९ ह्या नोंदी वारंवार असून ७ ची एकही नोंद नसेल, तर डिस्कवर तडकाफडकीं दोषारोप करूं नये. १२९ च्या नोंदींत पुष्कळदां ड्रायव्हरचें नांवही असतें; दुभाष्या कोण होता, हें त्यावरून कळतें.

तिसरी साक्ष डिस्कची स्वतःची. प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नांवाचा एक आरोग्यतक्ता ठेवते, आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ सारख्या प्रोग्रॅमनें तो वाचतां येतो. साटा डिस्कांच्या तक्त्यांतील ५ वा आंकडा बदली दिलेल्या खणांचा आहे; १९७ वा वाचतां न आल्यामुळें निकालाची वाट पाहणाऱ्या खणांचा आहे. हे दोन वाढत असतील तर डिस्क खरोखरच थकली आहे. तिच्यावर विसंबूं नये. १९९ वा आंकडा वाटेंत विस्कटलेल्या मजकुराचा आहे. तो वाढत असेल तर केबल बदलावी किंवा नीट दाबून बसवावी. केबल बदलल्यावर हा आंकडा शून्यावर येत नाहीं. तो तेथेंच स्थिर राहिला म्हणजे उपाय लागू पडला असें समजावें.

आतां ड्रायव्हरच्या दोषाचे प्रत्यक्ष प्रकार पाहूं. पहिला प्रकार म्हणजे संगणक सुरू होतां होतांच निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द किंवा ‘७ बी’ हा संकेत दिसतो. जेथून सुरुवात करावयाची ती डिस्कच हातीं लागत नाहीं, असा त्याचा अर्थ. ह्याचें एक नेहमींचें कारण असें: संगणकाच्या ‘बायोस’मध्यें कंट्रोलरनें कोणत्या पद्धतीनें बोलावें हें ठरविलेलें असतें. विंडोज सुरू होतांना वेळ वांचावा म्हणून जेवढे ड्रायव्हर लागतात तेवढेच उचलतें. कोणीं मध्येंच ही पद्धत बदलली तर कंट्रोलर नवी भाषा बोलूं लागतो, आणि विंडोजपाशीं दुभाष्या मात्र जुन्याच भाषेचा असतो. डिस्कवरील एक अक्षरही बिघडलेलें नसतें. पण संवाद सर्वस्वीं बंद पडतो.

शाळांतील जुन्या संगणकांवर हा प्रसंग कोणीं कांहीं न करतांही ओढवतो. जुन्या मदरबोर्डांत बायोसच्या निवडी एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जोरावर टिकून राहतात. मे महिन्याच्या सुटींत संगणक विजेवांचून पडून राहिला आणि बॅटरी जुनी असली, म्हणजे जून महिन्यांत तो कारखान्यांतील मूळच्या निवडींवर परत गेलेला असतो. त्या निवडींत आय्. डी. ई. असेल, आणि विंडोज ए. एच्. सी. आय्. वर बसविलेलें असेल, तर निळा पडदा ठरलेलाच. ओळखण्याची खूण सोपी आहे: संगणकाची तारीखही कित्येक वर्षें मागें गेलेली असते. उपाय इतकाच कीं, बॅटरी बदलावी आणि बायोसमध्यें पूर्वींची पद्धत पुन्हां निवडावी. एवढ्यासाठीं विंडोज नव्यानें बसवून डिस्क पुसून टाकणें म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडणें होय.

पद्धत मुद्दाम बदलावयाची असेल तर तिलाही रीत आहे. विंडोज ८ व त्यानंतरच्या आवृत्तींत ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ ह्या खिडकींत प्रथम ‘सेफ बूट’ निवडावें; मग संगणक बंद करून बायोसमध्यें पद्धत बदलावी. ‘सेफ’ रीतीनें सुरू होतांना विंडोज नवा ड्रायव्हर शोधून जागेवर बसवितें. त्यानंतर ती निवड काढून संगणक नेहमींप्रमाणें सुरू करावा. पण डिस्का रेडनें एकत्र बांधलेल्या असतील तर ह्या वाटेस जाऊं नये. आणि बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली आधीं कागदावर उतरवून घ्यावी, कारण बायोसमधील बदलानंतर ती मागितली जाण्याचा संभव असतो.

दुसऱ्या प्रकारांत संगणक सुरू होतो, पण मधूनमधून अर्धा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक वेळ थिजून बसतो. ‘टास्क मॅनेजर’ पाहिला तर डिस्क शंभर टक्के कामांत आहे असें दिसतें, आणि तरीही वाचन किंवा लेखन जवळजवळ कांहींच होत नसतें. विंडोज १० हें २०१५ सालीं निघाल्यावर कांहीं संगणकांवर हा विकार आढळला, आणि त्याचें कारण मायक्रोसॉफ्टनेंच पुढें स्पष्ट केलें. काम झाल्याची वर्दी देण्याची ‘एम्. एस्. आय्.’ नांवाची एक रीत आहे. कांहीं ए. एच्. सी. आय्. उपकरणांच्या अंगच्या फर्मवेअरमध्यें असा दोष होता कीं, स्टोर-ए-एच्-सी-आय् ड्रायव्हरनें ही रीत वापरली असतां दिलेलीं कामें नीट पुरीं होत नसत. ड्रायव्हर वाट पाहत बसे. शेवटीं मुदत संपून जोडणी नव्यानें सुरू केली जाई. आणि पुन्हां तेंच रहाटगाडगें. उपाय असा सांगितला गेला कीं, ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें ड्रायव्हर तोच असल्याची प्रथम खात्री करावी, आणि मग रजिस्ट्रींत त्या कंट्रोलरच्या नोंदीखालील ‘एम्. एस्. आय्. सपोर्टेड’ ही किंमत १ ची ० करून संगणक पुन्हां सुरू करावा. ह्या विकारांत ज्यांनीं नवी डिस्क विकत आणली त्यांचे पैसे व्यर्थ गेले. कारण दुखणें डिस्कमध्यें नव्हतेंच.

तिसऱ्या प्रकारांत विंडोज नव्यानें बसवूं पाहावें तों डिस्क दिसतच नाहीं. हें दुखणें जुनेंच आहे. विंडोज एक्स-पी च्या दिवसांत साटा किंवा रेड कंट्रोलर असला तर स्थापनेच्या आरंभींच एफ्. ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. पुढें इंटेलच्या ११ व्या पिढीच्या, म्हणजे २०२० पासूनच्या, पुष्कळ लॅपटॉपांत ‘व्ही. एम्. डी.’ नांवाची योजना चालू ठेवलेली आढळूं लागली, आणि फ्लॉपीच्या जागीं पेनड्राइव्ह येऊन तोच प्रसंग परत आला. अशा वेळीं उत्पादकाच्या ठिकाणाहून इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ ह्या बटणानें तो दाखवावा, म्हणजे डिस्क दिसूं लागते. विंडोज आधींच बसविलेल्या संगणकावर ही योजना एकाएकीं बंद केली तर पहिल्या प्रकारचा निळा पडदा येतो, हें विसरूं नये.

निरपराध डिस्कवर संशय घेण्याची चूक नवशिक्यांच्याच हातून होते असें नव्हे. इ. स. २०१५ मध्यें अल्गोलिया ह्या शोधसेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकांवरील फायलींत मधलेच तुकडे शून्यांनीं भरलेले सांपडूं लागले. तिच्या अभियंत्यांनीं पुष्कळ शोध केला. सॅमसंगच्या सॉलिड स्टेट डिस्का असलेल्या संगणकांवरच हा प्रकार होतो असें त्यांस दिसलें, आणि साहजिकच दोष त्या डिस्कांच्या माथीं आला. सॅमसंगच्या अभियंत्यांनीं तोच प्रसंग आपल्याकडे घडवून पाहिला, तेव्हां निराळेंच सत्य बाहेर आलें. रिकामे झालेले खण डिस्कला कळविण्याची ‘ट्रिम’ नांवाची आज्ञा आहे. अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्या लिनक्सच्या भागांत ह्या आज्ञेचे तुकडे पाडतांना चूक होत होती, आणि भलतेच खण रिकामे म्हणून कळविले जात होते. डिस्का बिचाऱ्या सांगितलें तें निमूटपणें करीत होत्या. चूक दाखविली गेली, दुरुस्तीही सुचविली गेली, आणि डिस्कांवरील डाग धुऊन निघाला.

तथापि सर्व दोष ड्रायव्हरचाच, असा उलट आग्रहही आम्ही धरीत नाहीं. ३१ जानेवारी २०११ रोजीं इंटेलनें जाहीर केलें कीं, तिच्या ६ मालिकेच्या चिपसेटांतील साटाचीं कांहीं द्वारें कालांतरानें क्षीण होत जाण्याचा संभव आहे. येथें डिस्कही चांगली होती आणि ड्रायव्हरही चांगला होता; दफ्तरदारच दुबळा होता. त्या दुरुस्तीचा व बदलीचा खर्च कंपनीनें सुमारें ७० कोटि डॉलर धरला होता. असा दोष कोणताही ड्रायव्हर बदलून जाणारा नव्हे. पण त्याच चिपसेटांतील ० व १ ह्या क्रमांकांच्या द्वारांस हा दोष नव्हता, त्यामुळें डिस्क तिकडे जोडली असतां काम भागत असे. म्हणून केबल बदलून पाहणें, द्वार बदलून पाहणें, आणि डिस्क दुसऱ्या संगणकास लावून पाहणें, ह्या तीन साध्या कसोट्या केव्हांही टाळूं नयेत.

सारांश, क्रम असा ठेवावा: आधीं नक्कल, मग नोंदवही व आरोग्यतक्ता, मग केबल व द्वार, मग दुसऱ्या प्रणालीखालीं वाचन, आणि संशय ड्रायव्हरवर स्थिरावला म्हणजे त्याचा उपाय. हा उपाय तीन पायऱ्यांनीं करावा. तक्रार ड्रायव्हर नवा केल्यावर सुरू झाली असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ह्या सोयीनें पूर्वींचा परत आणावा. तेवढ्यानें भागलें नाहीं तर मदरबोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या उत्पादकानें त्याच नमुन्यासाठीं दिलेला ड्रायव्हर बसवावा. तोही निरुपयोगी ठरला तर, संगणक ए. एच्. सी. आय्. पद्धतीवर असल्यास, विंडोजबरोबर येणारा ड्रायव्हर वापरून पाहावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललें तें तारखेसह कागदावर लिहून ठेवावें. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर गुण कशाचा आला हें कधींच कळत नाहीं, आणि दुखणें उलटलें म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आमच्या विद्यार्थिवाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं संगणक आहे, आणि कांहीं बिघडलें म्हणजे घरांतील वडील माणसें त्यांच्याकडेच पाहतात. अशा वेळीं पडद्यावरील भयसूचक शब्दांनीं गांगरून न जातां त्यांनीं आधीं कागद-पेन्सिल घ्यावी, सूचनेंतील शब्द व क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि नक्कल झाल्याखेरीज कोणासही ‘फॉरमॅट’ करूं देऊं नये. ड्रायव्हर पुन्हां मिळतो, केबल थोडक्या पैशांत मिळते, डिस्कही बाजारांत मिळते. पण तिच्यावर लिहिलेलें जें एकदां पुसलें जातें, तें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.